मागणी जर्मनांची, गरज रेल्वेची: १९४१ मधील इराणवरील चढाईचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

२५ ऑगस्ट १९४१ रोजी पहाटे चारच्या सुमारास ब्रिटनचे तेहरानमधील वकील सर रीडर बुलार्ड आणि सोव्हिएत राजदूत आंद्रेई स्मिर्नोव्ह इराणचे पंतप्रधान अली मन्सूर यांच्या घरी गेले आणि त्यांनी आपापल्या सरकारांचे खलिते त्यांच्या हाती ठेवले. इराणने जर्मन लोकांना देशाबाहेर काढले नाही, म्हणून आमच्या फौजा आत येत आहेत, असा त्या खलित्यांचा आशय होता. मन्सूर ते वाचत होते त्याच वेळी उत्तरेकडून रशियन आणि दक्षिण व पश्चिमेकडून ब्रिटिश फौजा इराणच्या हद्दीत शिरत होत्या. इराणने सप्टेंबर १९३९ मध्येच युद्धात तटस्थ राहण्याची घोषणा केली होती आणि दोन वर्षे ती पाळलीही होती. तरीही चार दिवसांत त्याचा प्रतिकार संपला, तीन आठवड्यांत त्याच्या शाहाला गादी सोडावी लागली आणि परकी फौजा पुढे जवळपास पाच वर्षे देशात राहिल्या.

हे प्रकरण आपल्यापासून दूरचे वाटते, पण तसे ते नाही. ब्रिटनने इराणमध्ये उतरवलेल्या फौजेचा मोठा भाग भारतीय लष्कराचा होता. भारताला ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयच्या एका घोषणेने युद्धात ओढले गेले होते आणि त्यासाठी कोणत्याही लोकप्रतिनिधीचे मत विचारले गेले नव्हते. ज्या देशाला युद्धात पडायचे आहे का हे विचारलेही गेले नाही, त्या देशाचे जवान युद्धात न पडण्याचे ठरवलेल्या शेजाऱ्याच्या घरात पाठवले गेले. या प्रकरणाकडे पाहताना ही गोष्ट मला विसरता येत नाही.

पार्श्वभूमी

बाहेरच्यांनी आपला देश वाटून घेण्याचा अनुभव इराणला नवा नव्हता. १९०७ मध्ये रशिया आणि ब्रिटन यांनी आपसात करार करून उत्तर इराण रशियाच्या आणि आग्नेय इराण ब्रिटनच्या प्रभावाखाली ठेवला, आणि त्यात इराणला विचारलेसुद्धा नाही. पहिल्या महायुद्धातही इराण तटस्थ होता, तरी रशियन, तुर्की आणि ब्रिटिश फौजा त्याच्या भूमीवर आपापसांत लढल्या. या अपमानातून वर आलेला माणूस म्हणजे रझा खान. कोसॅक पलटणीतील या अधिकाऱ्याने फेब्रुवारी १९२१ मध्ये तेहरानची सत्ता हाती घेतली आणि डिसेंबर १९२५ मध्ये तो रझा शाह पहलवी म्हणून गादीवर बसला. सक्तीची लष्करभरती, नवी न्यायालये, शाळा, कारखाने आणि रस्ते हे सारे त्याने कठोर हाताने उभे केले. वर्तमानपत्रे आणि मजलिस, म्हणजे इराणची संसद, ही दोन्ही त्याने मुठीत ठेवली.

त्याच्या साऱ्या कामांत इराणी आगगाडीचे स्थान वेगळे होते. आखाताच्या टोकाशी असलेल्या बंदर शाहपूरपासून कास्पियन समुद्रावरील बंदर शाहपर्यंत सुमारे १,३९४ किलोमीटर लांबीचा हा मार्ग १९२७ ते १९३८ या काळात बांधला गेला. त्यासाठी दोनशेहून अधिक बोगदे खणावे लागले. एल्बुर्झ पर्वतातील वेरेस्क येथे दरीच्या तळापासून सुमारे ११० मीटर उंचीवर एकाच कमानीचा पूल बांधावा लागला. शाहाने यासाठी परकी कर्ज घेतले नाही. पैसा चहा आणि साखरेवरील कराच्या उत्पन्नातून आला. इराणी माणूस साखरेचा खडा दातांत धरतो आणि त्यावरून बिनसाखरेचा चहा घोट घोट पितो. गरिबाच्या घरी जेवणात दुसरे काही नसले तरी भाकरीबरोबर हा चहा असतोच. म्हणजे तबरीझच्या हमालाने आणि शिराझच्या विणकराने दिवसातून चार वेळा जो खडा तोंडात ठेवला, त्यातला एक कण रुळांत गेला. लोकांच्या इतक्या थेट पैशातून उभी राहिलेली रेल्वे क्वचितच कुठे सापडेल.

शाहाने हा मार्ग मुद्दाम रशियाच्या किंवा ब्रिटिशांच्या ताब्यातील कोणत्याही रेल्वेला जोडला नाही. परक्यांच्या गाड्या आत येऊ नयेत, असा त्यामागचा हिशेब होता. मात्र दिशा उत्तर-दक्षिण ठरली, आणि त्यावर त्याच वेळी आक्षेप घेणारा एक जण मजलिसमध्ये होता. त्याचे नाव मोहम्मद मोसद्देग. उत्तर-दक्षिण मार्ग देशाच्या व्यापाराच्या उपयोगाचा नाही, तो परक्यांच्या लष्करी सोयीचा ठरेल आणि या पैशात साखर कारखाने काढलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते. नकाशा समोर ठेवला की आक्षेपाचे मर्म लगेच कळते: दक्षिणेला ब्रिटिश आरमाराचे आखात, उत्तरेला रशिया आणि मधोमध ही रेल्वे.

इराणचे दुसरे मर्मस्थान म्हणजे तेल. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना त्या काळी जगातील सर्वांत मोठा होता आणि तो चालवणाऱ्या अँग्लो-इराणी तेल कंपनीचे बहुसंख्य भाग १९१४ पासून ब्रिटिश सरकारच्या मालकीचे होते. भूमध्य समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंतच्या ब्रिटिश आरमाराचे इंधन बरेचसे इथून येई.

रशिया आणि ब्रिटन या दोघांवरही विश्वास नसल्याने शाहाने तिसरा मित्र शोधला आणि तो जर्मनी होता. १९४० च्या सुमारास इराणचा जवळपास निम्मा परदेशी व्यापार जर्मनीशी होत होता. कारखान्यांत, रेल्वेत, बंदरांत जर्मन तंत्रज्ञ कामाला होते. त्यांत हेर होते हे खरे आहे. पण बहुसंख्य माणसे यंत्रे चालवायला आलेली होती हेही तितकेच खरे आहे.

समस्या उभी कशी राहिली

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि एका दिवसात इराणचा भूगोल बदलला. तोपर्यंत रशिया आणि ब्रिटन परस्परांच्या विरोधात होते आणि त्यांच्या वैराच्या फटीत इराणला श्वास घेता येत होता. नोव्हेंबर १९४० मध्ये तर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह जर्मनांशी वाटाघाटी करत असताना बाकूच्या दक्षिणेचा आखाताकडील प्रदेश हे सोव्हिएत आकांक्षांचे क्षेत्र मानले जावे, अशी अट मॉस्कोने घातली होती. आता ते दोघे मित्र झाले आणि १९०७ ची आठवण इराणच्या दारात पुन्हा उभी राहिली.

ब्रिटनची चिंता दुहेरी होती. एप्रिल-मे १९४१ मध्ये इराकमध्ये रशीद अली यांच्या सरकारने जर्मनीच्या बाजूने पाऊल टाकले होते. ब्रिटिशांनी ते भारतीय फौजांच्या बळावर मोडून काढले, पण रशीद अली आणि त्यांचे साथीदार इराणमध्ये आश्रयाला गेले. जर्मन फौजा कॉकेससपर्यंत पोहोचल्या तर पुढे इराण, अबादान आणि त्यापलीकडे भारताची सरहद्द, अशी साखळी लंडन आणि सिमल्यात बोलून दाखवली जात होती. जुलै १९४१ मध्ये भारताचे सरसेनापती झालेल्या जनरल वेव्हेल यांनी लंडनला तार करून, भारताच्या संरक्षणासाठी इराणमधील जर्मन ताबडतोब हटवलेच पाहिजेत, असा आग्रह धरला. या चढाईमागचा दाब केवळ लंडनचा नव्हता. त्यात भारतातील ब्रिटिश लष्करी यंत्रणेचाही वाटा होता, आणि हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

दुसरी चिंता मात्र खलित्यांमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती. रशियाला शस्त्रे, ट्रक आणि अन्न पोहोचवण्याचे तीनच मार्ग होते. मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्ककडचा आर्क्टिकचा मार्ग बर्फाचा आणि जर्मन पाणबुड्यांचा होता. व्लादिवोस्तोकचा मार्ग जपानच्या दारावरून जात होता आणि तेथून युद्धभूमीपर्यंत सगळा सायबेरिया ओलांडावा लागे. तिसरा मार्ग आखातातून इराणच्या रेल्वेने कास्पियनपर्यंत, आणि तो बारा महिने खुला राहणारा होता.

मला या प्रकरणाचे मर्म इथे दिसते. दोन्ही देशांनी जाहीर मागणी केली ती जर्मन लोकांना घालवण्याची, पण त्यांची गरज होती ती रेल्वेची. शाह जुलै आणि ऑगस्टमध्ये जाहीर मागणीला उत्तर देत राहिला आणि न बोललेल्या गरजेवर एकदाही बोलणे झाले नाही.

समोरचे पर्याय

१९ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी ब्रिटन आणि रशिया यांनी इराणला जर्मनांविषयी संयुक्त खलिते दिले. इराणात जर्मन किती, यावरच वाद होता. ब्रिटिश बाजू दोन ते तीन हजारांचा आकडा सांगत होती, तर इराण सरकार सातशेहून कमी असल्याचे सांगत होते. इराणच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही तटस्थ आहोत, सर्व परकीयांवर आमची नजर आहे, ज्यांची गरज नाही त्यांना आम्ही हळूहळू परत पाठवू, परंतु एका बाजूच्या सांगण्यावरून दुसऱ्या बाजूच्या नागरिकांना सरसकट हाकलणे हाच तटस्थतेचा भंग ठरेल. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नव्हते.

शाहासमोर खरे तर तीन वाटा होत्या. पहिली, जर्मनांना लगेच घालवून जाहीर मागणीचे कारणच काढून घेणे. दुसरी, त्याही पुढे जाऊन मालवाहतुकीला स्वतःहून परवानगी देणे आणि त्याबदल्यात सार्वभौमत्वाची लेखी हमी मागणे. तिसरी, वेळ काढणे. जर्मन फौजा त्या उन्हाळ्यात रशियात इतक्या वेगाने पुढे सरकत होत्या की काही आठवडे टिकून राहिलो तर चित्र पालटेल, असे तेहरानमध्ये अनेकांना वाटत होते. शाहाने तिसरी वाट धरली. बाहेरून आज ती आंधळी वाटते, पण जुलै १९४१ मध्ये जगातल्या बहुतेक राजधान्यांत रशिया हरणार असेच बोलले जात होते, हे लक्षात घेऊन मगच त्याला दोष द्यावा.

ब्रिटनकडेही वाटा होत्या. व्यापारबंदीचा दाब टाकता आला असता. केवळ तेलक्षेत्राचे संरक्षण करून थांबता आले असते. स्वीडनने जून १९४० नंतर आपल्या रेल्वेवरून जर्मन सैनिकांची ने-आण होऊ दिली होती आणि तरी त्याचे राज्य टिकले होते. असा मार्गहक्काचा करार इराणपुढे ठेवता आला असता. एखादी मर्यादित, छुपी कारवाई हाही एक नमुना होता आणि तो पुढे आपल्याच किनाऱ्यावर घडला. तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात, मुरगाव बंदरात १९३९ पासून आश्रयाला असलेल्या ‘एहरनफेल्स’ या जर्मन जहाजावर मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांनी कलकत्त्याच्या हौशी घोडदळातील माणसे साध्या वेशात पाठवून छापा घातला. तिथेही तटस्थतेचा भंग झालाच, परंतु गोवा ताब्यात घ्यावा लागला नाही. अर्थात छापा घालून जहाज निकामी करता येते, रेल्वे चालवता येत नाही. ब्रिटनला रेल्वे चालवायची होती.

रशियाकडे एक कागदी आधार होता. १९२१ च्या इराण-सोव्हिएत तहाच्या सहाव्या कलमानुसार, तिसरी सत्ता इराणच्या भूमीचा रशियाविरुद्ध तळ म्हणून वापर करू लागली आणि इराणला ती थांबवता आली नाही, तर सोव्हिएत फौजांना आत येण्याची मुभा होती. ब्रिटनकडे असा कागदही नव्हता. अटलांटिक सनदेत रुझवेल्ट आणि चर्चिल यांनी राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची ग्वाही देऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते.

प्रत्यक्ष कारवाई

ब्रिटिश बाजूचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल क्विनन. भारतीय लष्कराची ८ वी डिव्हिजन दक्षिणेत अबादान आणि खुर्रमशहरवर गेली. मेजर जनरल स्लिम यांची १० वी डिव्हिजन खानकीनकडून पाय ताक घाट चढून केरमानशाहकडे निघाली. रशियनांनी कॉकेससकडून तबरीझवर आणि कास्पियनच्या काठाने पहलवी बंदर व रश्तवर चाल केली. त्यांच्या विमानांनी उत्तरेतील शहरांवर बाँब टाकले.

अबादानची ती पहाट जरा जवळून पाहू. २४ तारखेच्या रात्री भारतीय शिपायांना बसऱ्याजवळ नावांवर चढवून शत्त-अल-अरबच्या पात्रातून अंधारात खाली आणले गेले. अबादानच्या धक्क्याला ‘पलंग’ ही इराणी युद्धनौका बांधून ठेवलेली होती. पर्शियन भाषेत पलंग म्हणजे बिबट्या. नौकेवरील खलाशी झोपेत होते, कारण त्यांच्या लेखी देश कुणाशीच युद्धात नव्हता. पहाटे चारनंतर ‘शोअरहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने तिच्यावर तोफा डागल्या आणि काही मिनिटांत ती जळत जागीच बसली. थोड्या अंतरावर खुर्रमशहरला ‘बब्र’ म्हणजे वाघ या नावाची तिची जोडीदार नौका ऑस्ट्रेलियाच्या ‘यारा’ने बुडवली. इराणी नौदलाचे प्रमुख, रिअर अ‍ॅडमिरल गुलामअली बायंदर, हे त्याच सकाळी खुर्रमशहरजवळ लढताना मारले गेले. कष्टाने उभे केलेले छोटे आरमार न्याहारीच्या वेळेपर्यंत संपले होते. बंदर शाहपूरमध्ये आश्रयाला असलेली जर्मन आणि इटालियन व्यापारी जहाजे बहुतेक सगळी पकडली गेली आणि तिथेच भारतीय पायदळ उतरले. रेल्वेचे दक्षिणेकडील टोक पहिल्याच दिवशी हातात आले.

त्याच दिवशी शाहाने रुझवेल्ट यांना तार करून हस्तक्षेपाची विनंती केली. उत्तर सप्टेंबरमध्ये आले. त्यात सहानुभूती होती, मदत नव्हती. १९३७ च्या सादाबाद करारात इराणबरोबर असलेले तुर्कस्तान, इराक आणि अफगाणिस्तान यांपैकी कुणीही हालचाल केली नाही.

मन्सूर यांचे सरकार पडले. शाहाने मोहम्मद अली फरूगी यांना बोलावले. हे जुने मुत्सद्दी, सादीच्या काव्याच्या संपादनासाठी नावाजलेले विद्वान, १९३५ पासून शाहाच्याच गैरमर्जीमुळे घरी बसलेले होते. २८ ऑगस्टला त्यांच्या सरकारने प्रतिकार थांबवण्याचा हुकूम दिला. दोन दिवसांत रशियन आणि ब्रिटिश फौजा एकमेकींना भेटल्या. ब्रिटिश बाजूचे सुमारे वीस-बावीस जवान मारले गेले, इराणी बाजूचे मृत्यू कित्येक पटींनी जास्त होते.

याच दिवसांत तेहरानमध्ये वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी सक्तीने भरती केलेल्या शिपायांना घरी सोडून देण्याचा निर्णय घेतला. हजारो तरुण पोरे पगाराविना, शिधा नसताना, गणवेशातच बराकींबाहेर आली आणि शेकडो मैलांवरच्या आपल्या गावांकडे पायी चालू लागली. लोकांच्या दारी भाकरी मागत निघालेली ही शाही फौज राजधानीने डोळ्यांनी पाहिली. शाहाला हे कळले तेव्हा त्याने त्या सेनापतींना बोलावून स्वतःच्या हाताने मारले आणि त्यांच्या गणवेशावरील पदचिन्हे उपटून काढली. सोळा वर्षे सारे निर्णय एकट्याने घेणाऱ्या राजाच्या राज्यात, निर्णयाची वेळ आली तेव्हा खरे सांगणारा किंवा स्वतःच्या जबाबदारीवर काही करणारा माणूसच उरला नव्हता. लष्कराच्या पराभवापेक्षा मला हे अपयश मोठे वाटते.

पुढची मागणी होती जर्मन वकिलात बंद करून जर्मन नागरिक ताब्यात देण्याची. त्यात दिरंगाई झाली. बीबीसीच्या पर्शियन प्रसारणातून शाहाच्या जमीनबळकावणीवर आणि जुलमावर उघड टीका सुरू झाली. लोकांनी रस्त्यावर ती कुजबुजत सांगितली. रशियन तुकड्या राजधानीच्या दिशेने सरकू लागल्या तेव्हा, १६ सप्टेंबरच्या सकाळी, फरूगी यांनी स्वतः लिहिलेल्या पदत्यागाच्या मसुद्यावर शाहाने सही केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या एकवीस वर्षांच्या मुलाने, मोहम्मद रझाने, मजलिससमोर शपथ घेतली आणि परकी फौजा तेहरानमध्ये शिरल्या.

जुना शाह इस्फहान, केरमानमार्गे बंदर अब्बासला गेला आणि तेथे कुटुंबासह एका टपाली आगबोटीत चढला. तिचे नाव ‘बांद्रा’. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती मुंबईच्या समुद्रात येऊन उभी राहिली. शाहाला मुंबईत उतरून पुढे कुठे जायचे ते ठरवायचे होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला किनाऱ्याला पाय लावू दिला नाही. भारतातील मुसलमानांत आणि राजकारणात काय पडसाद उमटतील याची त्यांना धास्ती होती. समोर शहराचे दिवे दिसत असताना त्याला बोटीवरच सांगण्यात आले की आपल्याला मॉरिशसला जायचे आहे. तिथून दुसऱ्या बोटीने तो गेला, पुढे जोहान्सबर्गला हलवला गेला आणि २६ जुलै १९४४ रोजी तिथेच वारला.

परिणाम

लष्करी हेतू पूर्णपणे साधला. १९४२ पासून अमेरिकनांनीही रेल्वे आणि बंदरांचे काम हाती घेतले आणि युद्ध संपेपर्यंत या मार्गाने चाळीस लाख टनांहून अधिक सामान रशियाला गेले. स्टालिनग्राडनंतरच्या रशियन सैन्याची चाके मोठ्या प्रमाणात या मार्गाने आलेल्या ट्रकांची होती. नाझी सत्तेच्या पराभवात इराणच्या रेल्वेचा वाटा आहे, आणि हे नाकारून या प्रकरणाचा प्रामाणिक अभ्यास होऊ शकत नाही.

किंमत मात्र इराणी लोकांनी मोजली. रियाल या इराणी चलनाचा भाव पौंडाच्या तुलनेत एकदम निम्म्यावर आणला गेला, त्यामुळे परकी फौजांना सारे काही स्वस्त आणि इराणी माणसाला महाग झाले. मालगाड्या आणि ट्रक लष्करी सामानात अडकले. उत्तरेतील धान्याचा प्रदेश रशियन ताब्यात होता. साठेबाजांनी उरलेले धान्य दाबून ठेवले. डिसेंबर १९४२ मध्ये तेहरानमध्ये पावासाठी दंगल उसळली, जमाव मजलिसमध्ये शिरला, पंतप्रधान कवाम यांचे घर लुटले गेले आणि सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. टायफसची साथ आली. चहा आणि साखरेचा कर देऊन ज्यांनी ती रेल्वे बांधली, त्यांना तिच्यावरून आपल्या शहरात धान्य आणता आले नाही. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये वाहतूक आणि धान्य युद्धाच्या कामी गुंतले असता काय झाले, ते आपण जाणतो.

याच वाटेने एक वेगळा प्रवाहही आला. सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक, बायका आणि मुले १९४२ मध्ये कास्पियन ओलांडून पहलवी बंदराला उतरली. स्वतः उपाशी असलेल्या इराणने त्यांना जागा दिली. त्यांतील सुमारे पाच हजार जण पुढे कराचीमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील वसाहतीत आले आणि १९४८ पर्यंत राहिले. कोल्हापूरच्या जुन्या माणसांना वळिवड्याचे पोलंडवासी ठाऊक असतात, ते इराणमधून आले हे मात्र फार कमी जणांना माहीत असते.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा ब्रिटनची. २९ जानेवारी १९४२ रोजी ब्रिटन, रशिया आणि इराण यांच्यात तह झाला. त्यात इराणने रेल्वे, रस्ते, बंदरे, विमानतळ वापरू देण्याचे मान्य केले आणि दोन्ही देशांनी इराणच्या अखंडतेची हमी दिली. परकी फौजांची उपस्थिती म्हणजे लष्करी कब्जा नव्हे, असेही त्यात लिहिले गेले. हाच तह जुलै १९४१ मध्ये मेजावर का ठेवला गेला नाही? शाहाने तो कदाचित नाकारला असता. पण त्याला तो नाकारण्याची संधी मिळाली असती, आणि मग चढाईचे समर्थन करणाऱ्यांजवळ निदान एक सच्चा कागद असता. पाच महिन्यांनी जे सहीने मिळाले, ते आधी मागून पाहण्याइतका वेळही कुणी काढला नाही. वेळ नव्हता, हे उत्तर मला पुरते पटत नाही, कारण पहिला खलिता आणि चढाई यांच्यात पाच आठवडे गेले होते.

दुसरी जागा शाहाची. मोसद्देग यांनी मजलिसमध्ये मार्गाच्या दिशेविषयी जे म्हटले होते, त्याचा २२ जूनच्या संध्याकाळी कुणीतरी पुन्हा विचार करायला हवा होता. जर्मन मोजण्याऐवजी, आपल्याजवळ असे काय आहे की जे या दोघांनाही आजच हवे आहे, हा प्रश्न दरबारात उठला असता तर रेल्वेच्या वापराची किंमत ठरवणारा इराण असता. पण मार्गाला विरोध करणारे मोसद्देग तोवर राजकारणातून बाहेर काढले गेले होते, फरूगी घरी होते, आणि जे दरबारात होते त्यांना शाहाला नको ते ऐकवण्याची सवय उरली नव्हती.

तिसरी जागा १९४२ च्या तहाच्या मसुद्याची आहे, आणि माझ्या मते अभ्यासकाने सर्वांत जास्त वेळ तिथे घालवावा. पाचव्या कलमात तारीख बांधलेली होती: युद्ध संपल्यावर सहा महिन्यांच्या आत फौजा परत जातील. सातव्या कलमात मात्र, युद्धामुळे इराणी जनतेवर येणाऱ्या हालअपेष्टांपासून तिचे आर्थिक जीवन वाचवण्यासाठी दोन्ही देश पुरेपूर प्रयत्न करतील, एवढेच आश्वासन होते. किती टन गहू, रेल्वेचे किती मालडबे, कोणत्या महिन्यापासून, यातले काहीही नव्हते. पाचव्या कलमाच्या जोरावर, २ मार्च १९४६ ची मुदत उलटूनही रशियन फौजा हलल्या नाहीत तेव्हा, इराणला नव्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोट ठेवून तारीख दाखवता आली. तोच कवाम, ज्याचे घर पावाच्या दंगलीत लुटले गेले होते, तो आता पुन्हा पंतप्रधान होता. त्याने मॉस्कोशी तेलाचा करार करून फौजा मे १९४६ पर्यंत बाहेर काढल्या, पण तो करार मजलिसच्या मंजुरीवर ठेवला. मजलिसने तो ऑक्टोबर १९४७ मध्ये १०२ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. सातव्या कलमाच्या जोरावर मात्र १९४२ च्या हिवाळ्यात तेहरानच्या एकाही बेकरीसमोरची रांग कमी झाली नव्हती, कारण रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या कलमात दाखवण्यासारखा एकही आकडा नव्हता.